शेवट जरा गोड करा ना!

परवा दुपारी ओटा आवरून जरा कुठं पाठ टेकली होती, तेवढ्यात फोन वाजला. शेजारच्या तालुक्यातल्या एका महिला मंडळाच्या सेक्रेटरी बोलत होत्या. गेल्या वर्षी आमच्या मंडळानं केलेलं ‘साडीचोळी’ हे माझं नाटक त्यांच्यातल्या दोघीतिघींनी पाहिलं होतं. त्यांना ते वर्धापनदिनाला बसवायचं होतं. मी खूश! मानधनाचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. (आपल्याला तेवढं कुठं जमतं?) मग जरा घुटमळत त्या म्हणाल्या, “ताई, एक विनंती होती. शेवट जरा गोड करता येईल का? म्हणजे भाऊ-बहीण एकमेकांच्या गळ्यात पडतात वगैरे. बायका बिचाऱ्या दोन घटका करमणुकीला येतात हो. घरी जाताना डोक्याला ताप कशाला?”

मी “कळवते” म्हणून फोन ठेवला. झोप काही लागली नाही.

मैत्रिणींनो, खरं सांगते, मला त्यांचा राग आला नाही. कारण याच नाटकाचा मी लिहिलेला पहिला शेवट अगदी त्यांना हवा तसाच होता. गोड. पाकातून काढून पुन्हा पाकात टाकलेला.

आधी नाटकाविषयी सांगते. शालन नावाची चाळिशी ओलांडलेली बाई वडिलांच्या वर्षश्राद्धाला माहेरी येते. घरात थोरला भाऊ, वहिनी आणि म्हातारी आई. जेवणं होतात, आठवणी निघतात, भावानं बहिणीसाठी छान जरीकाठाची साडी आणून ठेवलेली असते. आणि रात्री तो सहज बोलल्यासारखं सांगतो, “उद्या सकाळी जरा सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात जाऊन येऊ. एक सही आहे तुझी.” ती सही कसली, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. साडीचोळीवर हक्कसोड ही गोष्ट आपल्याकडे पत्र्याच्या घरातही होते आणि बंगल्यातही होते.

पहिला अंक मी चार रात्रींत लिहिला. दुसराही अर्ध्यापर्यंत सरसर आला. पात्रं आपली आपण बोलत होती, मी फक्त उतरवून घेत होते. अडलं ते शेवटच्या पंधरा मिनिटांपाशी. त्या पंधरा मिनिटांनी माझे आठ महिने खाल्ले. नाटक सुरू करणं हे पाहुणे बोलावण्यासारखं आहे, त्यात काही मोठंसं नाही. त्यांना तृप्त करून वाटेला लावणं हेच खरं काम.

तर पहिला शेवट. सहीच्या आदल्या रात्री आईची जुनी ट्रंक उघडते आणि तीत वडिलांनी मरण्यापूर्वी लिहिलेलं पत्र सापडतं. ‘माझ्या शालनलाही तिचा वाटा द्या.’ भाऊ ढसाढसा रडतो, कागद फाडतो, बहीण ओवाळते, पडदा. मंडळाच्या हॉलमध्ये वाचन केलं तेव्हा निम्म्या बायकांनी पदर डोळ्यांना लावला. मी तर हवेतच. तेवढ्यात कोपऱ्यातून आमच्या मंडळातल्या सगळ्यात थोरल्या काकू म्हणाल्या, “ते पत्र वर्षभर होतं कुठं गं? तेराव्यालासुद्धा ट्रंक उघडली नाही कुणी? आमच्याकडं तर माणूस जायच्या आधी ट्रंका उघडतात!”

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण घरी जाईपर्यंत तोंड कडू झालं. काकूंनी नेमकं बोट ठेवलं होतं. ते पत्र वडिलांनी लिहिलं नव्हतं, मी लिहिलं होतं, माझी सुटका करून घ्यायला. शालनला भावासमोर तोंड उघडायला लागू नये, भावाला वाईट व्हायला लागू नये आणि मला कुणाची बाजू घ्यायला लागू नये, म्हणून एक मेलेला माणूस मदतीला बोलावला. जुन्या ग्रीक रंगभूमीवर असं सगळं अडलं की यंत्रानं वरून देव खाली सोडत. नाटकाचा शेवट नाटकाच्या आतूनच यावा, यंत्रातून नव्हे, असं तेव्हाच ॲरिस्टॉटलनं बजावून ठेवलंय. माझी ट्रंक म्हणजे तसलंच यंत्र.

मग मी आपली जुनी नाटकं काढली. वाचनालयात धूळ खात पडलेली, पानं पिवळी पडलेली. देवलांचं ‘संगीत शारदा’ 1899 सालचं. पैशासाठी बापानं म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला काढलेली पोर. पहिल्या अंकांत काय गोड, काय जिवंत बोलते ती मैत्रिणींशी! पण लग्न मोडतं ते वरवधूचं गोत्र एक निघाल्यामुळे. हताश झालेली शारदा जीव द्यायला धावते, तिला कोदंड वाचवतो, आणि पुढं त्या दोघांच्या लग्नाला शंकराचार्यांची मान्यता येते. सगळं गोड होतं. पण शारदेनं स्वतः काय केलं, असं विचाराल तर ती नदीकडे धावली एवढंच. (जाता जाता, 1929 चा बालविवाहाविरुद्धचा ‘सारडा कायदा’ या नाटकावरून आला असं अनेकींना वाटतं. तसं नाही. तो हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून.) देवलांना मी दोष देत नाही. त्या काळात जरठ-कुमारी विवाहाविरुद्ध लोकांच्या काळजाला हात घालणारं नाटक लिहिणं हेच केवढं धाडस. पण सव्वाशे वर्षांनी मीही माझ्या शालनला बाहेरून आलेल्या कागदावरच वाचवणार असेन, तर मी मग काय शिकले?

आता ‘एकच प्याला’ पाहा. गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर 1919 सालीच ते रंगभूमीवर आलं. सिंधूचा मला लहानपणापासून राग येतो. नवऱ्याच्या हातून पोर गेलं, आपणही मरतोय, आणि ही बाई फौजदाराला सांगते की मीच पडले! आजच्या मुलीला हा शेवट दाखवा, ती खुर्ची फेकेल. तरीही तो शेवट खोटा नाही. कारण सिंधू पहिल्या अंकापासून जशी आहे, तशीच ती शेवटी वागते. कुणी पत्र घेऊन येत नाही, कुणी देव उतरत नाही. जे होतं ते त्या दोघांच्या स्वभावातून होतं. मला तो शेवट पटत नाही, पण मला त्यानं फसवलेलं नाही. हा फरक कळायला मला फार दिवस लागले. प्रेक्षक दुःख चालवून घेतो, फसवणूक नाही.

तेव्हा मी दुसरा शेवट लिहिला. यात शालन उभी राहते आणि बोलते. पदर खोचून, तीन पानं. महाराष्ट्रानं 1994 सालीच अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा हक्क दिला, मग 9 सप्टेंबर 2005 पासून देशभर सगळ्या मुलींना मिळाला, लग्न झालेलं असो वा नसो. आणि त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत अशी अट नाही, हेही ऑगस्ट 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं. सगळं खरं, सगळं तपासून घेतलेलं. शालनचं काम करणारी मुलगी बँकेत आहे, पाठांतराला पक्की. पण तिलाही ते तीन पानांचं भाषण काही केल्या तोंडी बसेना. शेवटी वैतागून म्हणाली, “काकू, घरात असं कोण बोलतं हो? मी असं बोलले तर दादा म्हणेल, तू वकिलाला विचारून आलीस ना? आणि विषय तिथंच संपेल.”

बरोबरच होतं तिचं. मला वाटलं, पण मग ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधल्या बेणारेबाईंचं एवढं मोठं स्वगत कसं चालतं? 1967 सालचं तेंडुलकरांचं ते नाटक. सुलभा देशपांडे यांनी केलेली बेणारे ज्यांनी पाहिली, ते त्या स्वगताविषयी अजून बोलतात. मी पुन्हा वाचलं, आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. बेणारे बोलते तेव्हा स्टेजवरची बाकीची माणसं गोठलेली असतात. तिचं म्हणणं त्यातल्या एकाच्याही कानावर जात नाही. ते आपल्याला ऐकू येतं, तिच्या कोर्टाला नाही! स्वगत संपल्यावर शिक्षा सुनावली जाते, मग सगळ्यांना आठवतं की अरे, हा तर खेळ होता. खऱ्या प्रयोगाची वेळ झाली म्हणून ते तयारीला निघून जातात. उरते ती एकटी, आणि तो भाबडा सामंत तिच्याजवळ ठेवून जातो तो कापडी पोपट. म्हणजे तेंडुलकरांनी भाषणानं नाटक संपवलं नाही. भाषण कुणी ऐकत नाही, यावर संपवलं. माझी शालन मात्र बोलत होती आणि सगळं घर शहाण्या मुलांसारखं गप्प बसून ऐकत होतं. कुठल्या घरात होतं असं?

तीन पानं फाडून टाकली. (फाडली म्हणजे कपाटात ठेवली. कागद टाकवत नाहीत.)

याच सुमारास मी इब्सेनची नोरा वाचली. ‘अ डॉल्स हाऊस’ हे नाटक 21 डिसेंबर 1879 ला कोपनहेगनमध्ये पहिल्यांदा झालं. नवऱ्याची बाहुली बनून राहिलेली नोरा शेवटी त्याला समोर बसवते आणि आठ वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच नीट बोलते, आणि मग घर, नवरा, तीन मुलं सोडून निघून जाते. खालून दार बंद झाल्याचा आवाज येतो. बस्स, पडदा. त्या दाराच्या आवाजानं युरोप हादरला. त्याची सावली 1942 साली आपल्या मराठीतही पडली, रांगणेकरांच्या ‘कुलवधू’वर. ज्योत्स्नाबाई भोळ्यांची भानुमती आमच्या आईच्या तोंडी सतत असायची, गाण्यांमुळे.

पण मला नोराच्या शेवटापेक्षा त्याच्यामागची एक हकिगत जास्त लागली. जर्मनीत नोराचं काम करणारी नटी होती हेडविग नीमान-राबे. तिनं हा शेवट करायला नकार दिला. म्हणाली, मी माझ्या मुलांना टाकून कधीच जाणार नाही. लेखकाच्या हक्काला तेव्हा तिथं संरक्षण नव्हतं. कुणी तिसराच उठून आपल्या नाटकाची वाट लावेल, त्यापेक्षा आपणच करू, म्हणून इब्सेननं स्वतः 1880 साली जर्मन रंगभूमीसाठी दुसरा शेवट लिहून दिला. त्यात नवरा नोराला मुलांच्या खोलीच्या दाराशी नेतो, झोपलेली लेकरं पाहून तिचे पाय गळतात, ती खाली बसते. पडदा. लिहून दिला खरा, पण तो शेवट म्हणजे आपल्या नाटकावर रानटी अत्याचार आहे, असं त्यानं उघड सांगितलं.

बघा, शेवट गोड करून मागायची रीत किती जुनी. आणि मागणारी एक बाईच होती. तिला नावं ठेवायची माझी छाती नाही. कारण आपल्याला शिकवलंच तसं असतं. चार पाहुणे उठायच्या आत पसारा आवरायचा, भांडण झालं तर जेवणापर्यंत मिटवायचं, सणाच्या दिवशी कुणाचं तोंड वाकडं दिसू द्यायचं नाही. लिहायला बसतो तेव्हाही आपला तोच हात चालतो. नाटकातलं भांडणसुद्धा आपण पडदा पडायच्या आत मिटवून टाकतो, घासून-पुसून, जागच्या जागी. मी आमच्या मंडळाच्या लेखनस्पर्धेच्या एकांकिका तपासते. दहातल्या आठ एकांकिकांत शेवटच्या पानावर सासू सुधारते. एका रात्रीत! आयुष्यभर न सुधारलेली सासू!

गोड शेवट वाईटच असतो, असं मात्र मी म्हणत नाही. शाकुंतल गोडच संपतं की. पण हरवलेली अंगठी कालिदास शेवटी खिशातून काढत नाही. अंगठी आधी येते, दुर्वासांचा शाप चौथ्या अंकात येतो, मग सातव्या अंकातल्या भेटीवर आपला विश्वास बसतो. आणि एक गंमत सांगू? अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ आणलं, तेव्हा पहिल्या प्रयोगात चारच अंक झाले. चौथा अंक म्हणजे शकुंतलेची पाठवणी! तिथं थांबलं तर नाटक कसं भरल्या डोळ्यांचं, भरल्या ओटीचं वाटतं. पण पाचव्या अंकात तोच नवरा भर दरबारात म्हणतो की मी हिला ओळखत नाही. आपल्या घरांतली पुष्कळ नाटकं आपण चौथ्या अंकावरच थांबवतो. पोरीला थाटात पाठवलं, संपलं. माझी शालन पाचव्या अंकातली.

एवढं सगळं वाचूनही माझा शेवट सुचेना. दिवाळी गेली, संक्रांत गेली, तालमी थांबल्या. मुली विचारायच्या, “काकू, झालं का?” मी म्हणायची, चाललंय.

का सुचत नव्हता, हे आता सांगते. मीही ती सही केली आहे. 2007 साली. साडी अंजिरी रंगाची होती. दादानं गाडी केली होती, येताना आम्ही सगळ्यांनी उसाचा रस प्यायला. ऑफिसात कॅमेऱ्यासमोर फोटो काढला, अंगठा घेतला, आणि साहेबांनी मान वर न करता विचारलं, “राजीखुशीनं देताय ना ताई?” मी “हो” म्हटलं. त्या क्षणी मला दुसरं काही म्हणता येतं, हेच ठाऊक नव्हतं. दादा वाईट नाही. आईचं सगळं त्यानं केलं, वडिलांचं कर्ज त्यानं फेडलं. म्हणून तर जास्त अवघड. तो वाईट असता तर माझं नाटक एका आठवड्यात लिहून झालं असतं.

तर मी शालनच्या तोंडी जे घालायला बघत होते, ते मला स्वतःला आलेलं नव्हतं. कधी पत्र आणून मी दादाला सोडवत होते, कधी भाषण लिहून पंधरा-सोळा वर्षांपूर्वीच्या मला शहाणी करत होते.

वाट दाखवली ती आमच्या शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या, आता निवृत्त झालेल्या बाईंनी. त्या म्हणाल्या, “अगं, भरतमुनींनी नाटकाचे पाच संधी सांगितलेत. मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. मुखसंधीत बीज पेरायचं आणि निर्वहणात सगळं पसरलेलं एकत्र आणून त्याच बीजाचं फळ दाखवायचं. शेवटी नवीन काही आणू नकोस. पहिल्या अंकात जाऊन शोध, तू काय टाकून आली आहेस.”

मी पहिला अंक पुन्हा वाचला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा सापडलं. पहिल्या अंकात आई सारखी कटकट करते, “माझ्या ट्रंकेत टाकायला डांबरगोळ्या आणा म्हणून चारदा सांगितलं, या घरात माझं कुणी ऐकत नाही.” मी ते निव्वळ हशासाठी लिहिलं होतं. म्हातारी बाई, तिची ट्रंक, तिच्या डांबरगोळ्या. पण मला मी विचारलंच नव्हतं की त्या ट्रंकेत आहे काय? ती एवढी जपते काय? मला एकदम काकू आठवल्या. ट्रंकेविषयी त्यांनी विचारलं होतं, आणि मी तीत वडिलांचं पत्र ठेवलं होतं! आईच्या ट्रंकेत आईचं काही नसावं?

शेवट एका दुपारी झाला. शालन म्हणते, “दादा, कागद वाच.” भाऊ वाचायला लागतो. वाचता वाचता ‘स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय’ हे शब्द येतात. शालन म्हणते, “पुन्हा वाच.” तो पुन्हा वाचतो. तेव्हा आई उठते, ट्रंक उघडते आणि तळाशी घडी घातलेली एक साडी काढते. “हे शब्द माझ्या कागदावर पण होते,” एवढंच म्हणते. तिच्या भावांनी तिच्या सहीच्या बदल्यात दिलेली साडी. एकदाही न नेसलेली. ती उलगडायला जाते तशी साडी घडी-घडीवर विरत, फाटत जाते. कुणी काही बोलत नाही. वहिनी पुढं होऊन ते तुकडे गोळा करते, कारण तिलाही माहेर आहे आणि तिथंही जमीन आहे. शालन हातातल्या पेनाला टोपण लावते. “दादा, हे कागद मी घरी नेते. वाचते. मग बोलू.” पडदा.

वाटा मिळाला का, भाऊ सुधारला का, ते मला माहीत नाही. शालननं आयुष्यात पहिल्यांदा ‘मग बोलू’ म्हटलं, तेवढं मला माहीत आहे. तेवढंच ती करू शकत होती आणि तेवढं तिनं केलं. माझ्या दृष्टीनं नाटक तिथं संपलं.

प्रयोगाच्या दिवशी काय गंमत झाली ती ऐका. प्रॉपर्टी सांभाळणाऱ्या मुलीनं बॉलपेन आणलं होतं, टकटक करायचं! टोपणच नाही. तिसऱ्या घंटेच्या आधी शाळेच्या शिपाईमामांच्या खिशातलं शाईचं पेन उसनं घेतलं. माईक मध्येच खरखरत होता. पण शेवटच्या त्या मिनिटाला शाळेच्या हॉलमध्ये इतकी शांतता झाली की टोपणाचा बारीक आवाजही पहिल्या चार-पाच रांगांना ऐकू गेला म्हणतात. पडदा पडल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, “संपलं?” मग टाळ्या. एका गुरुजींनी नंतर सांगितलं की शेवट अर्धवट वाटला. असेल. माझ्या वहिनी आल्या होत्या, दादा नव्हता आला. जाताना वहिनींनी माझा हात हातात घेतला, बोलल्या काहीच नाहीत. भाऊबीजेला दादा आला. ताटात साडी ठेवली, मी घेतली. नाटकाचा विषय त्यानं काढला नाही.

आणि आठ-दहा दिवसांनी आमच्याच गल्लीतली एक जण विरजण मागायच्या निमित्तानं आली. वाटी हातात धरून बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, “ताई, तो कागद सहीच्या आधी घरी नेऊन वाचता येतो का हो खरंच?” मी म्हटलं, येतो. मसुद्याची प्रत आधी मागून घे. जोवर तू तिथं जाऊन सही-अंगठा करत नाहीस, तोवर काही होत नाही. एकदा नोंदणी झाली की मात्र मागं फिरणं फार कठीण, ते मी अनुभवानं सांगते. ती विरजण न घेताच गेली, मला नंतर लक्षात आलं.

तर काल मी त्या सेक्रेटरीबाईंना फोन केला. म्हटलं, गाणी घाला, कात्री लावा, शालनचं नाव बदला, भावाला दोन हशे वाढवून द्या, माझी काही हरकत नाही. शेवट तेवढा राहू द्या. हवं तर पडदा पडल्यावर सगळ्यांना गूळपोळी वाटा, म्हणजे बायका गोड तोंडानं घरी जातील. त्या हसल्या, कमिटीत विचारून सांगते म्हणाल्या.

आज सकाळी त्यांचा परत फोन. कमिटीत बरीच भांडणं झाली म्हणे, दोघी तर उठून गेल्या. मला वाटलं, आता नाही म्हणणार. तर त्या म्हणाल्या, “ताई, ते टोपणाचं पेन तुमच्याकडं आहे का? आमच्या इथं दुकानात सगळी बॉलपेनंच आहेत.”